नागपूरकरांनो, भूकंप आणि पुराच्या तयारीत या चुका टाळा

"आपल्या इकडे कुठे येते भूकंप!" नागपुरात कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. 4 डिसेंबर 2024 ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणात मुलुगूजवळ 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हलके धक्के नागपूरपर्यंत जाणवले. त्या दिवशी फोनाफोनी झाली, फॅमिली ग्रुपवर "तुमच्याकडे जाणवला का" झालं, आणि विषय संपला.

उगाच घाबरवायचं नाही, कारण नागपूरचा धोका खरोखरच कमी आहे. पण ज्या घरांत थोडीफार तयारी असते तिथेही त्याच त्या चुका दिसतात आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: आपली तयारी दिवसाढवळ्याची असते. कोयना (11 डिसेंबर 1967), किल्लारी (30 सप्टेंबर 1993), जबलपूर (22 मे 1997) हे तिन्ही भूकंप लोक गाढ झोपेत असताना, पहाटे झाले. अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं तेही 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे. भूकंप काही वेळ पाहून येत नाही, तो योगायोग. तरी पुढची प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नावर तपासा: रात्री तीन वाजता, लाइट गेलेली असताना हे आपल्याला जमेल का?

"आपण झोन दोनमध्ये आहोत" म्हणून निश्चिंत राहणं

भूकंपाच्या धोक्याचे विभाग (झोन) दाखवणाऱ्या भारतीय मानकाच्या 2016 च्या नकाशात नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे चारपैकी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. किल्लारी तर त्या काळच्या नकाशात सर्वांत सुरक्षित, झोन एकमध्ये होतं. तिथे 6.2 तीव्रतेच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे 2002 मध्ये झोन एक नकाशातूनच काढून टाकला. किल्लारीत माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या जड छतांनी. तेव्हा नकाशातला रंग पाहून झाला असेल, तर आता आपली इमारत पाहा.

पार्किंगच्या मजल्याकडे दुर्लक्ष

नागपूरची फ्लॅट स्कीम म्हणजे खाली नुसत्या खांबांवरचं पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींचे चार-पाच मजले. धक्क्यात वरचा भाग एकसंध डब्यासारखा हलतो आणि सगळा ताण खालच्या मोकळ्या खांबांवर येतो. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती खालच्या मजल्यातून बसल्या.

आता आपल्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. ड्रेनेजचा पाइप न्यायला कोणी खांब फोडलाय? दुकानाचं शटर बसवायला भिंत काढली? खांबाच्या खालच्या हातभर भागात प्लास्टर फुगून आतली सळई गंजलेली दिसते? शेवटचं दिसलं तर वरून सिमेंट थापून रंग मारू नका, आत गंज वाढतच राहतो. सोसायटीच्या बैठकीत विषय घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गेटचा रंग आणि गणपतीची वर्गणी यावर दोन तास चालणाऱ्या बैठकीत खांबांना दहा मिनिटं मिळायला हरकत नाही.

प्रत्येक भेग भूकंपाची समजणं, किंवा एकही न समजणं

नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया उथळ असेल तर भिंतीला तडा देते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, मे महिन्यात रुंदावणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी भेग बहुधा मातीची. ती घरासाठी चांगली नाहीच, पण तिचा भूकंपाशी संबंध नाही. प्लास्टरवरची केसासारखी रेघ सहसा वरवरची असते.

धक्क्यानंतर शंका आली तर सोपा उपाय आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. रेघ खुणेच्या पुढे गेली तर भेग वाढते आहे. कॉलम किंवा बीमवर भेग असेल, दरवाजा अचानक चौकटीत अडकायला लागला असेल किंवा भिंत आणि बीमच्या सांध्यात फट पडली असेल, तर खुणा करत बसू नका. घर रिकामं करा आणि इंजिनिअरला दाखवा.

धक्का बसला की जिन्याकडे पळत सुटणं

सर्वांत मोठी चूक हीच. जमीन हलत असताना माणूस नीट चालू शकत नाही आणि जिन्यात सगळे एकमेकांवर पडतात. खाली वाका, मजबूत टेबलाखाली जा, त्याचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी बसून डोकं आणि मान हातांनी झाका. रात्री पलंगावर असाल तर तिथेच पालथे होऊन डोक्यावर उशी घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला जुन्या मातीच्या घरांतून आलाय, आजच्या फ्लॅटची चौकट काही वाचवत नाही. हलणं थांबलं की मग बाहेर पडा, आणि लिफ्टने नाही. अंगण असलेल्या तळमजल्याच्या घरात दार चार पावलांवर असेल तर गोष्ट वेगळी, पण चौथ्या मजल्यावरून हा हिशेब कधीच जमत नाही.

पळण्यात खास नागपुरी धोका आहे तो कूलरचा. आपल्या इमारतींना बाहेरून पाहा, खिडकीखिडकीला लोखंडी स्टँडवर एकेक कूलर लटकलेला असतो. टाकीत साठ-सत्तर लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो वजन, वर पत्रा आणि मोटर. वर्षानुवर्षं गळणाऱ्या पाण्याने स्टँडचे भिंतीतले बोल्ट गंजतात. पावसाळा लागला की त्यावर ताडपत्री टाकली जाते, म्हणजे बोल्ट कुणाला दिसतही नाहीत. घाईघाईने खाली आलेली मंडळी नेमकी याच कूलरांच्या रांगेखाली उभी राहतात. होळीनंतर कूलर सुरू करताना खस बदलतो तसे बोल्टही तपासून घ्या, आणि मोसम संपला की निदान टाकी रिकामी करा. खाली आल्यावर उभं राहायची जागा म्हणजे मोकळं मैदान किंवा रस्त्याचा असा भाग, जिथे वर तारा नाहीत आणि बाजूला काच नाही.

उशाशी कपाट, हाताशी काहीच नाही

बेडरूममध्ये डोक्याच्या बाजूला लोखंडी कपाट, कपाटावर सूटकेस, माळ्यावर पितळी भांडी. कपाट वरच्या बाजूने एल-क्लॅम्प लावून भिंतीला कसा, दोन स्क्रूंचं काम आहे. जमत नसेल तर निदान पलंगाची जागा बदला.

पलंगाखाली बंद टाचेच्या चपला किंवा बूट हवेत, कारण भूकंपानंतर फुटलेल्या काचेने तळपायाला जखम होते. टॉर्च ड्रॉवरमध्ये ठेवला तर अंधारात सापडत नाही, म्हणून पलंगाच्या पायाला दोरीने बांधा. शिट्टी हवी, ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो.

आणि चॅनल गेट! तळमजल्याच्या घरांत रात्री गेटला कुलूप असतं, किल्ली बाबांच्या पँटच्या खिशात, पँट हँगरवर. खिडक्यांना पक्के ग्रिल. पूर आला, आग लागली, धक्का बसला, तरी सगळं घर एका किल्लीवर अडतं. किल्लीची एकच ठरलेली खुंटी हवी आणि ती घरातल्या लहान पोरालाही अंधारात सापडायला हवी. एका तरी खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारा भाग करून घ्या. एखाद्या रविवारी रात्री दिवे बंद करून सगळ्यांनी बाहेर पडून दाखवायचं, इतकी तालीम पुरते. देशभरातले लोक शिकायला येतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी आपल्याच शहरात आहेत, आणि आपल्याला घरातली किल्ली सापडत नाही.

पुराच्या रात्री गाडी काढायला खाली जाणं

2023 च्या त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोकांना जाग आली तेव्हा पाणी घरात होतं. अशा वेळी गाडी वाचवायला बेसमेंटमध्ये उतरू नका. मीटरची खोली खाली असते, आणि साचलेल्या पाण्यात वीज उतरलेली दिसत नाही. मेन स्विच कोरड्या जागी उभं राहून बंद करता आला तर करा, नाहीतर महावितरणला कळवा.

कागदपत्रांची पिशवी दिवाणाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. झेरॉक्स आणि डिजिलॉकर दोन्ही ठेवा. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या आठवडाभराच्या गोळ्या त्याच पिशवीत, पण एक्स्पायरी बघून बदलत राहायच्या.

गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा. इतर मदतीसाठी 112, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077. आपसांत मात्र फोन करत बसू नका, लाइन जाम होते. पुण्याची मावशी किंवा रायपूरचा काका, असा बाहेरगावचा एक माणूस ठरवा आणि सगळ्यांनी त्यालाच "मी ठीक" असा मेसेज टाकायचा.

"आज रात्री अडीचला मोठा भूकंप, नासाचा इशारा" हा मेसेज पुढे पाठवू नका. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेच नाही. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के येतात, ते मात्र खरं.

पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघणं

पाण्यात बुडालेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत विमा कंपनी हे नुकसान बहुधा नाकारते. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन वेगळा घ्यावा लागतो. फोटो काढा आणि टो करून न्या. घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात भूकंप आणि पूर दोन्ही येतात. कर्ज देताना बँकेने काढलेल्या विम्यात अनेकदा फक्त इमारत असते, फ्रिज-टीव्ही नसतात, तेव्हा कागद एकदा वाचून घ्या. आणि जमिनीखालच्या टाक्यात पुराचं पाणी शिरलं असेल तर मोटर सुरू करून ते वरच्या टाकीत चढवू नका. आधी टाका पूर्ण उपसा, घासा, ब्लीचिंग पावडरने धुवा, आणि तोवर प्यायचं पाणी उकळून घ्या.