पहिली सेमी-ऑटो रायफल घेताना

लायसन्सवर सेमी-ऑटो, म्हणजे दर वेळी ट्रिगर दाबला की एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी रायफल, बसते का, ते आधी बघा. बाकी सगळं नंतर.

पहिली रायफल .२२ एलआरच (लाँग रायफल, म्हणजे छोट्या, हलक्या काडतुसाची) घ्या, यावर मी वाद घालत नाही. धक्का नाहीच म्हणा ना, आणि काडतूस स्वस्त असल्यामुळे सराव भरपूर होतो. १९६४ पासून बनणारी रुगर १०/२२ बहुतेकांना चालून जाते. तिचं १० गोळ्यांचं मॅगझिन खाली लोंबतही नाही.

दुकानात मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. मग डोळे मिटून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून रायफल खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर नेम धरायची साइट समोरच दिसली तर खांद्याला टेकणारा दस्ता तुमच्या मापाचा. मान ताणावी लागली तर परत ठेवा. मी देखणी बघून घेतली होती, वर्षभर मान चोळत बसलो.

सेमी-ऑटोला गोळ्यांचे नखरे फार. काडतुसाच्या जोरावरच बोल्ट मागे जातो. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या, गोळीवर कधी कधी तो अर्ध्यातच थांबतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. म्हणून ५०-५० चे तीन-चार वेगळे डबे आणा आणि जी अडकत नाही तीच पुढे वापरा.