करंगाची एक रात्र जास्त घ्या: सोलापूरहून किलिमांजारो

मी सोलापुरात विम्याची कामं करतो. वय ५४, गुडघे मूळचेच, पोट थोडं पुढं. मागच्या फेब्रुवारीत आफ्रिकेत टांझानियातला किलिमांजारो चढून आलो तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो, "काका, आम्हाला पण जायचंय, काय काय लागतं?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

डोंगर ५८९५ मीटरचा आहे, पण नेहमीच्या वाटांनी जायला दोर लागत नाही, गिर्यारोहणाचा कोर्स लागत नाही. चालणाऱ्याला जमतं. परत फिरतात ती बहुतेक माणसं घाईपायी. माझा मेहुणा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, रोज पहाटे पार्क मैदानावर पळणारा. त्यानं मारंगू मार्गाचं पाच दिवसांचं पॅकेज घेतलं. ४७२० मीटरवरच्या किबो हटपर्यंत पोचला, रात्रभर ओकला आणि सकाळी खाली आला. मी त्याच्याहून हळू, पण माचामे मार्गाचे सात दिवस घेतले होते, त्यात वाटेतल्या करंगा तळावरची एक रात्र जास्तीची. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्या हवेची सवय व्हायला रात्री लागतात. पळून, जिम लावून त्या भरून निघत नाहीत.

१९९१ पासून परवानाधारक गाईडशिवाय या डोंगरावर जाताच येत नाही, त्यामुळं कंपनी निवडणं हेच मोठं काम. मी पॉलिसी घेणाऱ्याला सांगतो, हप्ता किती कमी ते बघू नका, क्लेम कसा देतात ते बघा. इथंही तेच. राष्ट्रीय उद्यानाची फी आणि तिथं तंबू ठोकायची फी मिळूनच माणशी रोजचे शंभर डॉलरच्या वर जातात, आणि त्यात कुठलीच कंपनी सूट देऊ शकत नाही. मग एखादा फारच स्वस्तात नेतो म्हणाला तर तो पैसा हमालाच्या मजुरीतून नाहीतर तुमच्या दिवसांतून कापणार. आम्ही चौघं होतो आणि आमच्या मागं गाईड, स्वयंपाकी, हमाल धरून पंधरा-सोळा माणसं. हमालानं २० किलोच न्यायचं असा नियम आहे, गेटवर काट्यावर वजन होतं. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था हमालांना मजुरी, जेवण, झोपायची जागा नीट मिळते का ते बघते. कंपनी त्यांची भागीदार आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

आणि विमा. माझाच धंदा म्हणून सांगत नाही, पण प्रवास विम्याच्या बारीक अक्षरात 'अमुक उंचीच्या वर ट्रेकिंग वगळून' असं असतं. ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च दोन्ही लेखी हवं. माझा धंदा काय, हे गाईडला हातवारे करून समजावत होतो, तर तो हसून म्हणाला, "बिमा!" स्वाहिलीतही तोच शब्द. हाच गाईड मला 'बाबू' म्हणायचा. मी आपला खूश, साहेब म्हणतोय म्हणून. तिसऱ्या दिवशी कळलं, बाबू म्हणजे आजोबा.

आता तयारी. सोलापूर म्हणजे सपाट तवा, चढ शोधावा लागतो. मी सुरुवात कोजागरीला केली, तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या गर्दीतून. ४५ किलोमीटर, शेवटी घाट. पायाला फोड कुठं येतात, बूट कुठं चावतात, सगळं त्या एका रात्रीत कळतं. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत आठवड्यातून चार दिवस पाठीला आठ किलो लावून आमच्या अपार्टमेंटचे जिने. चढताना कसंही चढा, उतरताना मोजून उतरा, कारण शिखराच्या दिवशी एका दमात २७०० मीटरच्या वर उतरायचं असतं आणि गुडघे तिथंच बोलतात. दोन वेळा पुण्याला जाऊन सिंहगड केला, तोही एका दिवसात दोनदा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून जाणं आमच्या घरात शक्यच नव्हतं, म्हणून फेब्रुवारी धरला. जानेवारी-फेब्रुवारी नाहीतर जूनअखेर ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा नकोच. जमलं तर शिखराची रात्र पौर्णिमेच्या आसपास येईल असं बघा.

मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पुढं विमान. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं आधीच बघा. ती प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. उंचीचा त्रास कमी करणाऱ्या डायमॉक्स गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. मी घरी दोन दिवस घेऊन पाहिली. बोटांना मुंग्या आल्या आणि रात्रीत चार वेळा उठलो. हे तंबूत पहिल्यांदा कळलं असतं तर घाबरलो असतो.

सामानात एकच चूक सगळे सोलापूरकर करतात: चादर. घरीच ठेवा. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि वर तो घाम गारठतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर घ्या. जाड डाऊन जॅकेट आणि झोपायची पिशवी डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात भाड्यानं मिळते. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणून शेंगाची चटणी स्टीलच्या डब्यात भरली. सोबत कडक भाकरी. या दोन गोष्टींवर मी वर जगलो.

वाट अशी. पहिला दिवस दाट, ओल्या जंगलातून. दुसऱ्या दिवशी झाडं खुजी होतात आणि शिराच्या पठारावर तंबू पडतो. तिसऱ्या दिवशी लावा टॉवरला साधारण ४६०० मीटरवर चढायचं, जेवायचं आणि ३९०० च्या आसपास बरांकोला उतरून झोपायचं. उंच चढा, खाली झोपा, सगळी युक्ती या दिवशी आहे. लावा टॉवरला माझं डोकं ठणकत होतं आणि मी गाईडला "ठीक आहे" म्हणालो. मूर्खपणा. त्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, मग लहानपणी मास्तर बघायचे तसं माझ्याकडं बघितलं. साधी डोकेदुखी चालते, सांगायची मात्र लगेच. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना, बोलणं असंबद्ध झालं, तर चर्चा नाही, त्याच क्षणी खाली. गाईड म्हणेल तो शब्द शेवटचा.

चौथ्या दिवशी बरांकोची भिंत. हात लावून चढायचं, भीती वाटते, मजाही येते. आणि मग करंगा. सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये इथं फक्त जेवून त्याच दिवशी बराफूला, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या तळावर नेतात. सात दिवसांत इथं मुक्काम. स्वाहिलीत करंगा म्हणजे शेंगदाणे, हे स्वयंपाक्यानं माझा चटणीचा डबा बघून सांगितलं. चार दिवसांत मला सूप आणि पास्ता बघूनच मळमळत होतं. वर भूक मरते. त्या संध्याकाळी भाकरीचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून, चटणी कालवून खाल्ला आणि पहिल्यांदा पोटभर जेवलो. स्वयंपाक्यानं चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि परत हात पुढं केला. बाहेर हमाल दरीतून पाण्याचे कॅन वर आणत होते, कारण याच्या पुढं पाणी नाही. बराफूला जे पिता ते इथून माणसाच्या डोक्यावर जातं. त्या रात्री सहा तास झोप लागली. बराफूला मिळाली जेमतेम दोन तास. करंगाची झोप नसती तर मी शिखर बघितलं नसतं.

बराफू म्हणजे बर्फ, वेगळं सांगायला नको. मध्यरात्री निघायचं. अंधारात निघण्याचं एक कारण असं की गोट्यांचा घसारा रात्री गोठलेला असतो, दिवसा पाय मागं सरकतो. थंडी उणे दहा-पंधरा. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून पाणी मागं ढकला. मी एकदा विसरलो आणि पुढचे तीन तास बाटलीवर काढले. मोबाईल मोज्यात घालून छातीशी ठेवा, नाहीतर फोटोच्या वेळी बॅटरी शून्य. चाल मात्र 'पोले पोले', हळूहळू, देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हातारीसारखी. सहा-सात तासांनी स्टेला पॉइंट येतो, तिथून विवराच्या कडेनं पाऊण-एक तासावर उहुरू, म्हणजे शिखर. पाटीजवळ दहा मिनिटं, जास्त नाही. मी रडलो, ते थंडीनं असं घरी सांगितलंय.

उतरताना नखं आधीच कापलेली असू द्या, बुटाची लेस घोट्याशी घट्ट. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. खाली बाहेर पडायच्या म्वेका गेटवर टिप द्यायची असते. रक्कम ग्रुपनं आधीच ठरवून, हमालाची हमालाच्या हातात द्या. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या, जुन्या तिथं घेत नाहीत. बूट, मोजे हमालांना द्यायचे असतील तर मोशीला धुऊन मगच द्या. मी चिखलासकट दिले, आणि घेणाऱ्यानं ते माझ्यासमोर नळाखाली धरले, तेव्हा लाज वाटली.