कुत्र्याचा चेंडूचा खेळ स्लो मोशनमध्ये टिपताना या चुका टाळा

चेंडू झेलण्यासाठी कुत्र्याने मारलेली उडी जेमतेम अर्धा सेकंद टिकते. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रे, टिपून त्या ३० फ्रेमच्या वेगाने दाखवल्या, की तोच अर्धा सेकंद चार सेकंदांचा होतो आणि मागे उडणारे कान, वळणारी मान, लाळेचे थेंब असे सारे काही स्पष्ट दिसू लागते. त्याबरोबर चित्रीकरणातले दोषही तितकेच लांबतात. त्यांपैकी पुष्कळ दोषांचे मूळ अपुऱ्या प्रकाशात असते, म्हणून फोन बदलण्याचा विचार करण्याआधी जागा बदलून पाहावी.

सेकंदाला २४० फ्रेम घ्यायच्या असतील, तर एका फ्रेमवर १/२४० सेकंदापेक्षा जास्त काळ प्रकाश पडूच शकत नाही. नेहमीच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत ही मुभा १/३० सेकंदापर्यंत असते. त्यामुळे डोळ्यांना उजळ वाटणारी खोली कॅमेऱ्याला अंधारी वाटते, फोन आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवतो आणि केसांचा पोत दाणेदार ठिपक्यांत हरवतो. उघड्यावर, उन्हात चित्रीकरण करणे हा यावरचा खरा उपाय आहे. ते जमत नसेल तर १२० फ्रेम निवडाव्यात. चौपट संथ गती या खेळाला बहुधा पुरते, आणि २४० च्या आकड्याचा मोह अनेकदा अनाठायी असतो.

घरातल्या व्हिडिओत प्रकाश लुकलुकत असेल किंवा आडवे पट्टे सरकत असतील, तर फोन बिघडलेला नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झवर चालणारे १२० वेळा मंद व प्रखर होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान फ्रेममध्ये पकडले जाते. हा दोष नंतर संपादनात पूर्णपणे घालवणे अवघड असते. दिवे बंद करून मोठ्या खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात खेळ घ्यावा.

काळ्या कुत्र्याचा चेहरा नुसता काळा गोळा दिसतो आणि पांढऱ्याचे केस प्रकाशात विरून जातात, कारण फोन संपूर्ण चौकटीची सरासरी पाहून एक्सपोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचे ते, ठरवतो. कुत्रा जिथे उडी मारणार आहे तिथे त्याला आधी उभे करावे, पडद्यावर त्याच्या अंगावर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्सपोजर लॉक करावे, आणि मगच चेंडू फेकावा. लॉक न केल्यास ऐन उडीच्या वेळी फोकस मागच्या कुंपणावर जाऊन बसतो. कुत्रा थेट कॅमेऱ्याकडे धावत आला तरी तो फोकसबाहेर जातो, म्हणून त्याला चौकटीत आडवा धावू द्यावा.

चेंडू फेकणे आणि चित्रीकरण ही दोन्ही कामे एकाच माणसाने करू नयेत. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर स्थिर ठेवावा आणि चौकट थोडी मोठी धरावी. उभ्याने वरून घेतलेल्या दृश्यात झेप दिसत नाही, नुसती पाठ दिसते.

चेंडूचा रंगही विचारात घ्यावा. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला ओळखता येतो, लाल व हिरव्यातला फरक मात्र नीट कळत नाही. गवतावरचा लाल चेंडू आपल्याला उठून दिसतो, पण कुत्रा तो नाकाने हुंगत शोधत राहतो आणि अपेक्षित झेप काही येत नाही. निळा चेंडू दोघांनाही सोयीचा ठरतो. तो घशात अडकेल इतका लहान नसावा. रिटेकची कल्पना कुत्र्याला नसते, त्यामुळे तो जोरजोराने धापा टाकू लागला किंवा जमीन तापली, की चित्रीकरण तिथेच थांबवावे.

साधा ३० फ्रेमचा व्हिडिओ संपादनात संथ करणे हीदेखील नेहमीची चूक आहे. मधल्या फ्रेम ॲप अंदाजाने तयार करते, त्यामुळे चेंडूच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि पाय दुहेरी होतात. उलट टोकाची चूक म्हणजे सगळाच व्हिडिओ संथ ठेवणे: २४० फ्रेमने टिपलेले दहा सेकंद ऐंशी सेकंद चालतात. धाव नेहमीच्या गतीने ठेवून फक्त झेल संथ करावा. फोनवर संथ दिसणारा व्हिडिओ संगणकावर नेहमीच्या वेगाने चालत असेल, तर संथ गतीची सूचना मूळ फाइलपासून वेगळी साठवलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी फोनमधल्याच एडिटरमधून नवी प्रत एक्स्पोर्ट करून तीच पाठवावी.