द्राक्षबागेतून बेकरीत: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेल्या अवकाळी पावसात आणि गारपिटीत त्या हंगामाचा माल हातचा गेला, आणि बागेवरचे कर्ज फेडायचे असेल तर घरातल्या एकाने तरी दरमहा पैसा आणला पाहिजे, हे त्या हिवाळ्यात आण्णांनी स्वतःच बोलून दाखवले. मला स्वयंपाकाची आवड पहिल्यापासून होती. म्हणून पुढच्या वर्षी मी आयटीआयच्या ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दहावी उत्तीर्ण असणे त्यासाठी पुरेसे आहे आणि वयाची वरची अट नाही, त्यामुळे पदवीनंतर पाच वर्षे शेती केलेल्या मलाही तो घेता आला. हा ट्रेड मोजक्याच आयटीआयमध्ये असल्याने अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी तो कुठे आहे याची चौकशी अवश्य करावी.

शेतातून येणाऱ्या माणसाला बेकरीत सर्वांत जड जाते ते अंदाज सोडणे. पानाचा रंग पाहून पाणी द्यायचे की नाही हे ठरवणारे आपण. आपला हात आणि डोळा चुकत नाही, असा आपला विश्वास असतो. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी मैद्यात मुठीने मीठ टाकताना कारागिराने पाहिले. काही न बोलता त्यांनी वजनकाटा पुढे सरकवला आणि तीन मुठी वेगवेगळ्या मोजायला लावल्या. त्या भरल्या ४२, ६१ आणि ५५ ग्रॅम. दहा किलो मैद्याला साधारण २०० ग्रॅम मीठ लागते. ते वाढले की यीस्ट मंदावते आणि लादी बसकी निघते. बेकरीत मैदा १०० धरून बाकी सर्व जिन्नस त्याच्या टक्क्यांत लिहितात: पाणी ६० च्या आसपास, मीठ २, कोरडे यीस्ट १. हे गणित अंगवळणी पडल्याशिवाय पुढचे काही शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि ती मात्र आपल्याला लवकर समजते. निफाडचा पारा उतरला की घड वाचवण्यासाठी आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. तीच थंडी बेकरीत कणीक फुगू देत नाही. मळलेली कणीक २६ अंशांवर हवी असेल तर २६ ची तिप्पट करून, म्हणजे ७८ मधून, मैद्याचे तापमान, खोलीचे तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे अंश वजा करायचे. जानेवारीत मैदा १६, खोली १६ आणि घर्षणाचे ६ धरले तर पाणी ४० अंशांचे घ्यावे लागते. एप्रिलमध्ये मैदा ३३ आणि खोली ३४ असेल तर तेच उत्तर ५ येते, म्हणजे बर्फाचे पाणी. थर्मामीटर स्वतःचा घ्यावा आणि रोजचे आकडे वहीत लिहावेत. फवारणीची नोंद ठेवणाऱ्याला ही सवय नवी नाही.

पहाटे उठण्याचे आपल्याला काही वाटत नाही. मात्र बंद खोलीत, भट्टीजवळ, आठ-दहा तास उभे राहणे पहिले दोन महिने फार त्रास देते. पगारही सुरुवातीला कमीच असतो.

कर्ज काढून लगेच स्वतःची बेकरी टाकण्याचा मोह आवरावा. किमान वर्षभर दुसऱ्याच्या भट्टीवर काम केल्यावरच रोज किती माल परत येतो आणि तो वाया गेल्यावर नफ्यातले काय उरते, हे कळते. त्यानंतर तालुका कृषी कार्यालयात जावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत बेकरीलाही प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले होते आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के घालावा लागे. सध्या काय चालू आहे ते तिथे विचारावे. घरगुती प्रमाणावर विकायचे असले तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी करावी.

शेत मी सोडलेले नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला सुट्टी टाकून घरी जातो, आणि येताना आमच्या शेतातल्या गव्हाचे पीठ बेकरीत आणतो. या पिठातला कोंडा कणकेची ताण धरण्याची ताकद कमी करतो आणि पाणीही जास्त पितो, त्यामुळे मैद्यात ते किती मिसळावे याचे प्रयोग मी गेले पाच महिने करत आहे. सध्या ३० टक्क्यांवर पाव नीट उभा राहतो. ४० टक्क्यांवर तो अजून मधोमध खचतो, म्हणून या आठवड्यात पाणी दोन टक्क्यांनी वाढवून पाहणार आहे.