घामाच्या दिवसांत युनिफॉर्मचा शर्ट कोरडा कसा ठेवावा

घाम येऊच नये यासाठीचे सल्ले ढिगाने मिळतात. तिखट खाऊ नका, चहा सोडा, मन शांत ठेवा. असं सांगणाऱ्याला मे महिन्यात भर दुपारी रत्नागिरी-चिपळूण गाडीत खाकी शर्ट घालून, खांद्याला पैशांची बॅग आणि हातात तिकीट मशीन देऊन, उभ्या गर्दीतून मागच्या सीटपर्यंत एकदा पाठवावं. घाम येणारच. आपल्या हातात एवढंच आहे की तो शर्टापर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या कापडात जिरवायचा, आणि ते कापड वेळच्या वेळी बदलायचं. मी कंडक्टर असल्यामुळे उदाहरणं एसटीतली येतील, पण सिक्युरिटी गार्ड, ट्रॅफिक हवालदार, पेट्रोल पंपावरची मुलं यांचंही दुखणं तेच आहे.

शर्ट शिवताना

कापड बहुतेक वेळा टेरिकॉट असतं, म्हणजे पॉलिएस्टर जास्त आणि सुती धागा कमी. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून घाम कापडावर पसरतो आणि डाग लांबून दिसतो. पांढऱ्या आणि गडद निळ्या शर्टात तो थोडा लपतो. खाकी आणि फिकट निळा मात्र काहीच लपवत नाहीत. कापड बदलता येत नसलं तरी शिलाई आपल्या हातात असते. टेलरला मुंढा सैल ठेवायला सांगा, छातीलाही नेहमीपेक्षा दोन इंच जास्त. तो "बॉडी फिट करू का?" असं हमखास विचारतो. नाही म्हणा. काखेत रुतणारा शर्ट आतून काहीही घातलं तरी भिजतोच.

खळ घालू नका. खळीने कापडाची छिद्रं बुजतात, आणि टेरिकॉटला इस्त्रीची घडी तशीही टिकते.

आदल्या रात्री

डिओडरंट आणि अँटिपर्स्पिरंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिओडरंट वासापुरता असतो, त्याने घाम थेंबभरही कमी होत नाही. घाम कमी करणाऱ्या डबीवर घटकांमध्ये अॅल्युमिनियमचं नाव असतं. ते क्षार घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बसतात आणि काही काळ वाट अडवतात. सकाळी घाईत, आंघोळीच्या ओल्या काखेत लावून लगेच डेपोकडे पळालात तर ते बसायच्या आधीच घामाबरोबर वाहून जातं. रात्री झोपताना, काख पूर्ण कोरडी करून लावा. रात्री घाम कमी येतो, त्यामुळे क्षारांना बसायला वेळ मिळतो. सकाळच्या आंघोळीने परिणाम जात नाही. फरक दिसायला काही रात्री जाव्या लागतात. दाढीच्या ब्लेडने काख साफ केली असेल त्या रात्री लावू नका, आग होते.

तुरटी वासाला बरी. आंघोळीनंतर ओला खडा फिरवायचा आणि अंगावरच वाळू द्यायचा. घाम थांबवण्याच्या बाबतीत तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बनियन

सगळी गोम इथे आहे, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. "एवढ्या उकाड्यात बनियन कशाला, नुसता शर्ट घाल," हे मला डेपोत कितीतरी जणांनी सांगितलंय. त्यांच्या पाठीवर अकरा वाजताच नकाशा उमटलेला असतो. बनियन नसेल तर घामाला जिरायला शर्टाशिवाय जागाच उरत नाही, आणि शर्ट काही ड्युटीत बदलता येत नाही.

पण कुठलाही बनियन चालत नाही. बिनबाह्यांचा, खोल गळ्याचा जो बनियन आपल्याकडे घराघरात असतो, तो नेमकी काखच उघडी टाकतो. जिथे सर्वात जास्त भिजतं तिथे कापडच नाही! बाह्यांचा बनियन घ्या, काखेखाली पूर्ण कापड येईल असा. दुकानदार "हा थंडीतला आहे" म्हणून परावृत्त करेल. त्याला दिवसभर दुकानात पंख्याखाली बसायचं असतं.

मापाचं समजायला मला सर्वात जास्त वेळ लागला. उकाडा म्हणून ढगळ घ्यावासा वाटतो. ढगळ बनियन अंगापासून सुटा राहतो, घाम त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी कातडीवरून ओघळून कमरेच्या पट्ट्यात जमा होतो, आणि मग ओल्या कापडाच्या चुण्या जागोजाग चिकटतात. बनियन अंगासरशी हवा, आवळणारा नको. हात वर करून गाडीचा वरचा दांडा धरल्याचा अभिनय करा. काखेतलं कापड कातडीला लागून राहिलं आणि खालची कड पँटमधून बाहेर आली नाही, तर माप बरोबर. बनियन अंगासरशी आणि त्यावर शर्ट सैल, म्हणजे मधे हवा खेळायला जागा राहते. बहुतेक लोक बरोबर याच्या उलट करतात.

कापड पातळ सुती घ्या. नवीन बनियन दुकानातून आणून थेट ड्युटीवर घालू नका. नव्या कापडावर कारखान्यातली चकाकी असते, ती पाणी आत घेत नाही. दोन-तीन वेळा धुवा आणि मग परीक्षा घ्या: ताणून धरून पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर अजून धुवायला हवा. टेकताक्षणी पसरून गायब झाला तर बनियन तयार झाला. जुना बनियन अचानक घाम प्यायचा थांबला तर हीच परीक्षा करा. बहुतेक वेळा घरात कोणीतरी सुवासिक फॅब्रिक कंडिशनर सुरू केलेलं असतं. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी ओढेनासं होतं. ड्युटीच्या कपड्यांना ते बंद.

खेळाडूंचे पॉलिएस्टरचे "ड्राय फिट" बनियन हल्ली सगळे सुचवतात. ते चांगलेच आहेत, पण वारा लागला तर. घाम कातडीवरून ओढून बाहेरच्या बाजूला पसरवणं हे त्यांचं काम. वरून टेरिकॉटचा बंद शर्ट असेल तर तो पसरलेला घाम उडणार कुठे? सरळ शर्टात येतो. शिवाय पॉलिएस्टरमध्ये वास मुरतो आणि धुवूनही पूर्ण जात नाही. मैदानावर पळायचं असेल तर जरूर घाला.

आता बदलणं. सुती बनियन घाम पितो, पण धरूनही ठेवतो. किनारपट्टीवर हवेतच इतकी वाफ असते की तो अंगावर वाळत नाही. म्हणून मे महिन्यात मुंबई-कोकणात एक बनियन साधारण अर्धी ड्युटी पुरतो, दुसरा पिशवीत हवाच. नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा वेगळा. तिथे पारा पंचेचाळीसला टेकतो पण हवा कोरडी, घाम भराभर उडतो आणि ओला बनियन उलट गारवा देतो. तिकडे बदलायची घाई करू नका. शर्टावर मिठाची पांढरी वर्तुळं उमटायला लागली की पाणी वाढवा.

बदलताना लोक एक पायरी गाळतात आणि मग "बदलूनही काही उपयोग नाही" म्हणतात. ओल्या, चिकट अंगावर कोरडा बनियन चढवला तर तो पाच मिनिटांत पहिल्यासारखा होतो. स्टँडच्या नळावर पंचा भिजवून पिळा. मान, काखा, पाठ पुसून अंगावरचं मीठ काढा, मग त्याच पंच्याच्या कोरड्या टोकाने टिपा. त्यानंतर दोन मिनिटं तसेच उघडे थांबा. ही दोन मिनिटं कोणी देत नाही, आणि सगळा फरक त्यांनीच पडतो. तेवढा वेळ शर्ट खिडकीला उलटा टांगा. पावडर लावायची असेल तर अंग कोरडं झाल्यावर, तीही चिमूटभर. घामावर पावडर म्हणजे कणीक, काखेत वळकट्या होतात.

आमच्या बरोबरीच्या बाई कंडक्टरांना हे सगळं दुप्पट कठीण जातं, कारण बदलायला बंद खोली लागते आणि ती प्रत्येक स्टँडवर मिळत नाही. त्यांच्यातल्या अनुभवी बायका बाह्यांची सुती स्लिप घालतात आणि जिथे विश्रांतीची खोली आहे त्याच स्टँडवर बदलायचं आधीच ठरवून ठेवतात. छातीखाली कापड ओलं राहिलं की पुरळ लवकर उठतं, तिथे आधी टिपायचं.

ड्युटीत

बॅगेचा पट्टा जिथे टेकतो तिथे भिजलेली तिरकी पट्टी उठते. प्रत्येक फेरीला खांदा बदला. रेक्झिनच्या सीटवर पाठ टेकण्याआधी पंचा टाका. ड्रायव्हर लोक हे कधीपासून करतात. कॉलरमागे रुमाल ठेवावा, पण भिजल्यावर तो काढावाही.

पाणी कमी पिऊ नका. फेरीत उतरता येत नाही आणि स्टँडवरच्या मुतारीचा भरवसा नसतो, म्हणून कितीतरी जण सकाळपासून घोट-घोट पिऊन दिवस काढतात. त्याने घाम फारसा कमी होत नाही, लघवीला जळजळ मात्र होते, आणि खड्याचं दुखणं असेल तर ते वाढतं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी, कोकम सरबत, काहीही चालेल.

घरी आल्यावर

ओले बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तसेच ठेवू नका, विशेषतः वस्तीच्या गाडीला. सकाळपर्यंत वास मुरतो, आणि काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी लगेच नुसत्या पाण्यातून काढून, पिळून खिडकीला टाका.

शर्ट उलटा करा, काखेला आतून साबण चोळा, अर्धा तास भिजवा, मग धुवा. नुसता मशीनमध्ये टाकलेला टेरिकॉट शर्ट वाळल्यावर स्वच्छ वाटतो आणि अंगात घालून गरम झाला की जुना वास परत येतो, कारण काखेतला तेलकट थर निघालेलाच नसतो. काखेतले पिवळे डाग घाम आणि अॅल्युमिनियम एकत्र आल्याने पडतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच घालू नका, डाग आणखी पिवळा होतो आणि खाकी रंग उडतो. डाग असताना इस्त्रीही नको, तो पक्का बसतो.

कातडीची तक्रार

घामोळं गार पाण्याने आणि मोकळ्या हवेने दोन-चार दिवसांत बसतं. जांघेत, काखेत किंवा पट्ट्याखाली गोल कडेचा, खाजणारा चट्टा उठला तर तो नायटा. त्यावर मेडिकलमधून मागून आणलेली "सगळ्यावर चालणारी" मलमं लावू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आत पसरत राहतो आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही. कातडीच्या डॉक्टरकडे जा, आणि ते सांगतील तितके दिवस औषध पूर्ण करा, चट्टा दिसेनासा झाला तरी.

थंडीतही तळहात इतके गळत असतील की तिकिटाचा कागद भिजतो, तर त्यालाही औषध आहे. त्याच डॉक्टरला विचारा. छातीत दुखून अचानक गार घाम फुटला, किंवा भर उन्हात घाम यायचाच थांबून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर गाडी थेट जवळच्या दवाखान्यावर घ्या. वेबिलाचं, म्हणजे फेरीच्या तिकीट-पैशांच्या हिशेबाच्या कागदाचं, नंतर बघता येतं.