धरणावर गळ टाकायला जाताना

आधी परवानगी, मग पिशवी. जलाशय सरकारी असला तरी मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा आणि पावती जवळ ठेवा. काठ अभयारण्यात असेल तर वनखात्यालाच विचारायचं. बंदूक, फासे घरीच. 1972च्या वन्यजीव कायद्याखाली ससा-तितराची शिकारही गुन्हाच आहे. पहिल्या पावसाचे दिवस टाळा. चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात, आणि तेव्हा धरलेली एक मादी म्हणजे पुढची हजारो पिल्लं गेली.

गळ निवडताना मासा सोडण्याचा विचार आधी करा. टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा तसाही सुटत नाही. आत वळलेल्या टोकाचा सर्कल हुक जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, सहसा पोटात जात नाही. मात्र त्याला झटका द्यायचा नाही, नुसतं गुंडाळत यायचं. सोबत पंधरा सेंटिमीटरचा लांब तोंडाचा चिमटा, कात्री आणि मासा उचलायला रबरी जाळी घ्या. सुती जाळीच्या गाठींनी खवले निघतात. हात ओले करूनच मासा धरा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो आणि तिथे बुरशी धरते. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, तोंडाजवळ दोरी कापा. सोडताना मासा पाण्यात सरळ धरून ठेवा, तो स्वतःहून निघेपर्यंत. पुढे-मागे हलवलं की कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. मे महिन्यात सकाळी नऊनंतर थांबलेलं बरं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. गळाला कासव लागलं तर ते सोडायचंच, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

तुटलेल्या नायलॉन दोरीसाठी झाकणाची बाटली हवीच. उजनी धरणाच्या काठी भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. काठावरची दोरी अशा पक्ष्यांच्या पायांत गुंतते, आणि ती कुजत नाही.

धरणाखाली नदीपात्रात बसणार असाल तर दरवाजे उघडण्याच्या वेळा विचारा, भोंगा वाजला की सामान सोडून वर या. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय घालून बसू नका.

चिलापी (तिलापिया मासा) मूळची इथली नाही, ती खुशाल घरी न्या. जिवंत नेऊन दुसऱ्या तळ्यात मात्र सोडू नका. एक किलो मासळीला एक किलो फोडलेला बर्फ लागतो. घरच्यांना दोन किलो पुरत असेल तर बर्फही दोनच किलो घ्या, आणि तेवढी मासळी झाली की गळ गुंडाळा.