मलेरियातला इंटरफेरॉन मोजायचा कसा: एलिस्पॉटचे ठिपके वाचताना

प्रयोगशाळेत नवीन आलेल्यांच्या हातात मी पहिल्या दिवशी पिपेट देत नाही, कागद देते. डास चावल्यापासून थंडी वाजेपर्यंत परजीवी कुठे कुठे मुक्काम करतो, ते काढायला लावते. आधी यकृत, मग रक्त. हा कागद डोक्यात पक्का नसेल तर इंटरफेरॉनचा आकडा हातात येतो, पण अर्थ लागत नाही.

इंटरफेरॉन, म्हणजे संसर्गात पेशी सोडतात ते निरोपाचं प्रथिन, 1957 मध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांना विषाणूंवर काम करताना सापडला. त्यामुळे पुष्कळांच्या मनात तो विषाणूंशीच जोडलेला असतो. मलेरियात मुख्य काम पडतं ते गामा प्रकाराचं. एनके पेशी, गामा-डेल्टा टी पेशी, सीडी4 आणि सीडी8 टी पेशी या प्रतिकारपेशी तो सोडतात. मलेरियाचा फाल्सिपेरम परजीवी यकृतात साधारण आठवडाभर असतो आणि तेव्हा तापाचा मागमूसही नसतो. यकृताची पेशी परजीवीचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर दाखवते, सीडी8 पेशी ते ओळखते आणि गामा सोडते. त्यानं यकृतपेशीत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि परजीवी आतल्या आत मरू शकतो. तांबड्या पेशीत हे जमत नाही, कारण तिला केंद्रकच नसतं. तिथे गामा मॅक्रोफेजना (परजीवी गिळणाऱ्या पेशींना) चेतवतो आणि योग्य जातीची प्रतिपिंडं बनायला मदत करतो.

पण जास्त म्हणजे चांगलं, असं धरून चालू नका. उंदरांच्या मेंदूच्या मलेरियात गामाचा ग्राहक (पेशीवर त्याला पकडणारं प्रथिन) नसलेले उंदीर वाचतात. म्हणजे तोच रेणू तिथे घात करत असतो. आणि रक्तातल्या संसर्गात अल्फा-बीटा इंटरफेरॉन कधी कधी आयएल-10 (प्रतिकार शमवणारं प्रथिन) वाढवून प्रतिकाराला लगाम घालतात. म्हणून नुसतं ‘इंटरफेरॉन वाढला’ असं कुणी म्हटलं की मी लगेच विचारते: कोणता, कुठे आणि कितव्या दिवशी?

आता प्रत्यक्ष काम, म्हणजे एलिस्पॉट: गामा सोडणारी प्रत्येक पेशी प्लेटवर एक रंगीत ठिपका उठवते आणि ते ठिपके मोजायचे. रक्त हेपारिनच्या नळीत घ्या, खोलीच्या तापमानाला ठेवा आणि आठ तासांच्या आत पेशी वेगळ्या करा. फ्रिजमध्ये अजिबात नको. सुरुवातीच्या काळात उशीर झाला म्हणून मी नळ्या रात्रभर 4 अंशांवर ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लावलेल्या प्लेटवर पीएचएचे, म्हणजे पेशींना हमखास चेतवणाऱ्या द्रव्याचे, वेल (खळगे)सुद्धा फिके आले, तेही जिथे ठिपक्यांची गर्दी व्हायला हवी तिथे. ते नमुने पुन्हा मिळणारे नव्हते. ती हळहळ अजून जात नाही.

प्लेटच्या तळाच्या पडद्यावर गामाला धरून ठेवणारं प्रतिपिंड आदल्या रात्रीच चढवून ठेवा. फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) रक्त नळीच्या भिंतीवरून हळूहळू सोडा. फिरवल्यावर मधे जो धुरकट पांढुरका पट्टा दिसतो, त्यात तुमच्या पेशी आहेत. त्या धुऊन मोजा आणि प्रत्येक वेलमध्ये 2 लाख घाला. तीन वेल परजीवीच्या पृष्ठभागावरच्या सर्कमस्पोरोझोइट प्रथिनाच्या पेप्टाइडांचे (तुकड्यांचे), तीन नुसत्या माध्यमाचे, तीन पीएचएचे. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, 18 ते 20 तास. या वेळात प्लेटला हात लावायचा नाही. प्लेटवर प्लेट रचू नका आणि इनक्युबेटरचं दार आपटू नका, कारण पेशी जागेवरून सरकली की तिचा ठिपका फिसकटतो. मग पेशी धुऊन टाकायच्या, बायोटिन लावलेलं दुसरं प्रतिपिंड, नंतर विकर, शेवटी रंग. ठिपके नीट उठले की पाण्याखाली धरून रंग थांबवा आणि प्लेट पूर्ण वाळू द्या.

ठिपका बघायला शिका. खरा ठिपका मधे गडद असतो आणि कडेला विरत जातो, कारण पेशीनं सोडलेला गामा तिच्याभोवती पसरलेला असतो. धारदार कडेचा, एकसारखा काळा दिसला तर तो कचरा समजा. समजा पेप्टाइडच्या वेलमध्ये 34, 41, 39 आले आणि माध्यमाच्या वेलमध्ये 4, 2, 3. सरासरी 38 आणि 3, फरक 35. त्याला पाचानं गुणा: दहा लाख पेशींमागे 175. पीएचएचे वेल फिके असतील तर हा हिशोब करूच नका, प्लेट बाद.

175 म्हणजे एवढ्या पेशींनी ते प्रथिन ओळखून गामा सोडला. त्या सीडी4 की सीडी8, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी चुंबकी मण्यांनी एक प्रकार काढून टाकून पुन्हा प्लेट लावावी लागते किंवा फ्लो सायटोमेट्री (लेझरनं एकेक पेशी ओळखण्याची पद्धत) करावी लागते. दुसरी अडचण मोठी आहे. यकृतात ठाण मांडून बसलेल्या स्मृतिपेशी रक्तात फिरत नाहीत, म्हणजे त्या तुमच्या नळीत आलेल्याच नसतात. म्हणून वहीत आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहा: नमुना रक्ताचा आहे आणि तो लस किंवा संसर्गानंतर कितव्या दिवशी घेतला.